तेरच्या वाटेवर पाच सोबती



या व्याख्यानमालेत विद्वान मंडळी बोलून गेली. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे गिरणीच्या दारातल्या सभांत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा न ठेवता या तापलेल्या दिवसांतून माझ्याबरोबर गेल्या कोजागिरीनंतरच्या एका सकाळी चला.

आम्ही पाच जण सोलापूरहून एस्टीने धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी गेलो. बाकीचे चौघेही माझ्याहून वडील, साठी ओलांडलेले, गिरणीतले. एकाने तीस वर्षे साचे चालवले. साचेखात्याच्या धडधडाटात त्याचे कान गेले. दुसऱ्याच्या छातीत सूतखात्यातला कापूस बसला आहे. आम्ही आयुष्यभर मैलोगणती एकत्र चाललो, पण ते मोर्चात. निवेदनावाचून, घोषणेवाचून, नुसते चालण्यासाठी चालण्याची ही पहिलीच वेळ. तरी मोर्चाचा एक नियम पाळला : सर्वांत मंद चालणाऱ्याच्या पावलाने चालावयाचे, म्हणजे फळी मोडत नाही. आमच्या दमेकऱ्याने त्या दिवशी आम्हां सर्वांना सावकाश पाहावयास शिकवले.

तेर म्हणजे जुने तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचे नाव आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे गाव. तेथून पुष्कळ जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून भडोचला जाई व पुढे समुद्रापार, असे तो लेखक सांगतो. विटांचे त्रिविक्रमाचे देऊळ आम्ही पाहिले. ते मुळात बौद्ध चैत्य असावे असे जाणकार मानतात. रामलिंगप्पा लामतुरे यांनी हयातभर वेचलेल्या वस्तूंवर उभे राहिलेले संग्रहालयही पाहिले. मातीची खेळणी, मणी, भांडी. तेरला सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीसारखीच एक मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेखाली निघाली, ही गोष्ट मी सोबत्यांना सांगितली.

आमचा साचेवाला मात्र कपाटामागून कपाट पाहत मोठ्याने विचारू लागला, “अरे, कापड कुठं आहे?” बहिऱ्या माणसाचा आवाज, सारे वळून पाहू लागले. कापड मातीत टिकत नाही, हे मी त्याला कागदावर लिहून दाखवले. त्याने खाली लिहिले, ‘आणि विणणारे?’ मंडळी, त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. माल कोठून कोठे गेला ते पेरिप्लसवाल्याने टिपून ठेवले. पण तगरचा कोष्टी दिवसाचे किती तास मागावर बसे आणि त्याला विसावा कधी मिळे, हे त्याने लिहिलेले नाही.

गोरोबाकाकांच्या समाधीचे दर्शन घेऊन आम्ही तेरणेच्या काठाने शिवारात शिरलो. नदीला पाणी होते. ज्वारीचे कोंब वीतभर आले होते. सोयाबीनची काढणी उरकत आली होती आणि मळणीयंत्राचा धुराळा उडत होता. दमेकऱ्याने उपरणे नाकाला लावले. यंत्रापाशी उभ्या असलेल्या बायांनीही पदर नाकाला बांधले होते. तो म्हणाला, “ही कापसाचीच धाकटी बहीण.”

बायांनी हटकले, “पाव्हणं, जमीन बघाय आलाव का?”

“नाही मावशी, फिरायला आलोय.”

“नुसतंच?” सगळ्या हसू लागल्या. आम्हीही हसलो, पण सवयीने मी विचारले, “तुम्हांला सुटी कधी?”

“पाऊस आला की!” आणि त्या दिवसाची मजुरी? ती पावसाबरोबर वाहून जाते, हे सांगावयास नकोच.

काठावरल्या झाडाखाली आम्ही भाकरी सोडली. साचेवाला बराच वेळ पाण्याकडे पाहत होता. मग म्हणाला, “मला ऐकू येत नाही असं तुम्ही समजता. पण साचा अजून रात्रंदिवस माझ्या कानांत चालतो. आत्ता घटकाभर मी तो विसरलो.” त्यावर कोणीच बोलले नाही.

मंडळी, सुटी ही आभाळातून पडलेली नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून आठवड्याची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती मागितली. १८९० मध्ये रविवार पदरात पडला. १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. मीही रजेसाठी भांडलो. पण मिळालेली रजा जादा पाळी करून पैशात मोडू नका, असे माझ्या माणसांना कधी सांगितले नाही. घटकाभराच्या शांततेसाठी त्या सोबत्याला म्हातारपणापर्यंत थांबावे लागले, यात माझाही दोष आहे.

आणि ज्यांना रजा कायद्याने पोहोचलीच नाही, त्या बाया आम्हांला हसल्या ते योग्यच होते. येत्या कोजागिरीनंतर आम्ही पुन्हा तेरला जाणार आहोत. मला त्या मावशींना एवढेच विचारावयाचे आहे : पाऊस नसताना, मजुरी न बुडता, एक दिवस आमच्याबरोबर नदीकाठी बसावयाचे असेल तर काय करावे लागेल? उत्तर त्या एकट्यांनी द्यावयाचे नाही. तुम्हीआम्ही मिळून द्यावयाचे आहे.