चौथऱ्यावर काय लिहावयाचे?

(एका अभ्यासवर्गापुढे केलेले भाषण)

आजचा विषय मी मुद्दामच आपल्या पायाखालचा घेतला आहे. इंग्रजांनी मुंबईत मागे ठेवलेल्या पुतळ्यांचे, कारंज्यांचे व इमारतींचे या शहराने काय केले, आणि काय करावयास हवे होते, एवढाच तो विषय आहे. आपणांपैकी काहीजण मनात म्हणत असतील की, आमच्या मुलांच्या शिष्यवृत्त्या अडकलेल्या असताना वकीलसाहेबांना दगडधोंड्यांची चिंता का पडावी? आक्षेप रास्त आहे. परंतु त्याचा निर्णय माझे म्हणणे संपल्यावर करावा, अशी विनंती आहे.

फोर्टातील काळा घोडा आपणां सर्वांस ठाऊक आहे. इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला. त्या भेटीची आठवण म्हणून आल्बर्ट ससून यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा मुंबईस दिला व १८७९ साली तो उभारण्यात आला. गंमत अशी की, लोकांनी युवराजाकडे पाहिलेच नाही. त्यांनी घोडा पाहिला आणि जागेचे नाव ठेवले ‘काळा घोडा’. १९६५ साली पुतळा तेथून हलविण्यात आला. आज तो भायखळ्यास राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात आहे. घोडा गेला, नाव मात्र राहिले. पुढे २०१७ साली त्याच परिसरात एक नवा काळा घोडा बसविण्यात आला; त्याच्या पाठीवर कोणीही नाही. माझ्या धाकट्या मुलीने तो पाहून मला विचारले, “बाबा, वरचा माणूस पडला का?” इतकी वर्षे उलटतपासणी करण्यात गेली, तरी मला चटकन उत्तर सुचले नाही.

स्वाराला खाली उतरविले, ते योग्यच झाले. प्रजासत्ताकाच्या चौकात परक्या राजाने प्रजेच्या डोक्यापेक्षा उंच बसावे, हे कोणत्याही स्वाभिमानी नागरिकास रुचणार नाही. परंतु पाठ रिकामी ठेवली म्हणजे इतिहास सांगितला असे होत नाही. न्यायालयात एखादा पक्षकार आपल्या ताब्यातील पुरावा दडवून ठेवतो, तेव्हा तो पुरावा त्याच्याच विरुद्ध गेला असता, असे अनुमान न्यायाधीशास काढता येते. शहरासही हा नियम लावावयास काय हरकत आहे?

थोडे पुढे चालत गेलो की फ्लोरा फाउंटन लागते. १८६४ सालचे हे कारंजे, त्यावर रोमन लोकांची पुष्पदेवता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच परिसरात गोळीबार होऊन माणसे मेली. पुढे चौकाचे नाव हुतात्मा चौक झाले आणि कारंज्याच्या शेजारी मशाल धरलेल्या शेतकऱ्याचे व कामगाराचे स्मारक उभे राहिले. कारंजे कोणी फोडले नाही. देवता आणि मशाल ही दोन्ही आज शेजारी शेजारी उभी आहेत. मला ही रीत राणीच्या बागेपेक्षा अधिक प्रौढपणाची वाटते.

त्याहूनही चांगले उत्तर उच्च न्यायालयात आहे. १८७८ साली पुरी झालेली ही इमारत इंग्रजी सत्तेच्या दिमाखाने बांधलेली आहे. तेथेच १९०८ साली न्यायमूर्ती दावर यांनी टिळकांस राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. शिक्षा ऐकून टिळकांनी काढलेले उद्गार १९५६ साली संगमरवरात कोरून त्याच इमारतीत लावण्यात आले, आणि त्या फलकाचे अनावरण मुख्य न्यायाधीश छागला यांनी केले. न्यायालयाने आपल्याच जुन्या निकालाविरुद्ध आपल्याच भिंतीवर साक्ष लावून घेतली. टिळकांच्या सामाजिक मतांविषयी आपले काय म्हणणे आहे, ते निराळे. येथे रीत महत्त्वाची आहे.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो. त्याच इमारतीत १७ मार्च १९३७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचा निकाल लागला. कायदे कौन्सिलात बोले यांनी मांडलेला ठराव १९२३ साली संमत झाला होता: सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, न्यायालये अस्पृश्यांस खुली असावीत. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले केले, परंतु ते कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे पाणी प्यावयाचे धाडस केले, आणि त्यानंतर कोर्टकचेरीत दहा वर्षे गेली. अखेर न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी ठरविले की, तळे नगरपालिकेचे आहे आणि अस्पृश्यांस मज्जाव करणारी रूढी अनादि काळापासूनची असल्याचे वादींना सिद्ध करता आलेले नाही. हेच ब्रूमफील्ड १९२२ साली अहमदाबादेस गांधींना सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश होत. टिळकांच्या फलकापुढे थांबणारे पुष्कळ लोक मी पाहिले आहेत. चवदार तळ्याच्या निकालाची आठवण करीत त्या जिन्यावर थांबलेला मनुष्य मला अद्याप भेटावयाचा आहे.

म्हणून, बंधुभगिनींनो, परकीय राज्याच्या वारशाचा हिशेब आपणांस एकाच रकान्यात लिहिता येत नाही. त्या राज्याने न्यायालय दिले हे खरे. परंतु १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजांच्याच तोंडावर विचारले होते की, तुमच्या राज्यापूर्वी आम्हांस गावच्या विहिरीचे पाणी घेता येत नव्हते. तुम्ही तो हक्क मिळवून दिलात काय? काळ्या घोड्यासमोरच एल्फिन्स्टन महाविद्यालय आहे. तेथे बाबासाहेब शिकत होते तेव्हा युवराज आपल्या चौथऱ्यावर दिमाखात बसलेला होता, आणि तेथील उपाहारगृहवाला या विद्यार्थ्यास चहा-पाणी देत नसे, असे चरित्रकार सांगतात. रस्त्याच्या एका बाजूस राजा, दुसऱ्या बाजूस नाकारलेला पेला. हे दोन्ही एकाच काळाचे आहेत. राजास उतरवून आपण अर्धाच हिशेब पुरा केला. पेल्याची नोंद कोठे आहे?

कोरेगावच्या स्तंभाविषयी मी बोलत नाही. तो दगड कंपनी सरकारने आपल्या विजयासाठी उभारला आणि आपण तो वाचला तो आपल्या पूर्वजांच्या नावांसाठी, हे मी सांगावयास नको.

माझी सूचना साधी आहे. काळ्या घोड्याजवळ स्वच्छ मराठीत एक फलक असावा: येथे कोणाचा पुतळा होता, तो कोणी दिला, का हलविला, आता कोठे आहे; आणि त्याखाली, समोरच्या महाविद्यालयात कोण शिकला व त्यास काय नाकारण्यात आले. उच्च न्यायालयात टिळकांचे उद्गार आहेत तसे १९३७ च्या निकालातील एक वाक्य असावे, निदान तारीख तरी असावी. यास फार पैसा लागत नाही. लागतो तो महापालिकेकडे व न्यायालयाच्या प्रशासनाकडे केलेला लेखी अर्ज, आणि त्याची पोच घेऊन पुनःपुन्हा पाठपुरावा करणारी माणसे. अर्जाचा मसुदा मी करून देईन. सह्या आपण गोळा कराव्यात.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडून अजून राहिले आहे. येत्या रविवारी तिला मी राणीच्या बागेत नेणार आहे, पडलेला नव्हे तर हलविलेला तो माणूस दाखवावयास. उच्च न्यायालय रविवारी बंद असते. तेथे तिला शाळेस सुट्टी असेल अशा एखाद्या कामाच्या दिवशी न्यावे लागेल.