हरणार हे ठाऊक आहे, मग पैसा कुठं लावायचा?

(चंद्रपूर येथील युवक शिबिरातलं भाषण)



निवडणूक आली की आपल्यात दोन पंथ होतात. एक म्हणतो, यंदा सत्ता आपलीच. दुसरा म्हणतो, हे सगळं थोतांड, बहिष्कार टाका. मी आज तिसरंच बोलणार आहे. आपण हरणार हे दिसत असताना वस्तीवस्तीतून गोळा केलेला रुपया खर्चायचा कशावर?

प्रस्थापितांचा हिशेब साधा. जागा जातेय असं दिसलं की तिथली जीप काढून घ्यायची, पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर दुसरीकडं उतरवायचं, पैसा जिंकणाऱ्या जागेवर ओतायचा. त्यांना ते परवडतं. 2022 पासून लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाखांची मर्यादा. पक्षाला मर्यादाच नाही. 1974 साली सुप्रीम कोर्टानं पक्षाचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरला, तर सरकारनं कायदाच फिरवला. म्हणजे कुंपण आपल्याला, रान त्यांना!

आता आपलं बघा. 2019 ला चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूर या दोन्ही मतदारसंघांत वंचित बहुजन आघाडीला लाखाच्या वर मतं पडली. तरी डिपॉझिट गेलं, कारण ते वाचवायला एकूण मतांचा सहावा हिस्सा लागतो. वर ‘मतं खाणारे’ ही शिवी. 2024 ला त्याच दोन ठिकाणी आकडा 25 हजारांच्याही आत आला. ही लाख-लाख माणसं गेली कुठं? मेली नाहीत, वस्तीतच आहेत. वाऱ्यानं आलेलं मत वाऱ्यानंच जातं. त्याला धरून ठेवणारं गावात काही उभं राहिलं होतं काय, हे आधी स्वतःला विचारा.

हरणं आपल्याला नवं नाही. बाबासाहेब 1952 ला मुंबईत हरले, 1954 ला इथून जवळ भंडाऱ्यात हरले. आणि 16 ऑक्टोबर 1956 ला याच चांद्यात त्यांनी धम्मदीक्षा दिली. कांशीराम 1984 ला जांजगीरला हरले, 1988 ला अलाहाबादला हरले, 1991 ला इटाव्यातून लोकसभेत गेले. मधल्या काळात ते कार्यकर्ता घडवत होते.

म्हणून माझी कसोटी एकच. मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी जे गावात उरतं, त्यावर खर्च करा. भोंगा उरत नाही. बॅनर उरत नाही. फार तर कुणाच्या झोपडीवर पाणी अडवायला जातो. पोलिंग एजंट उरतो. मतदान संपल्यावर केंद्रावर किती मतं पडली याचा 17-क चा कागद एजंटाच्या हातात मिळतो. एजंट नाही तं कागद नाही, आणि कागद नाही तं तक्रार कशाच्या जोरावर करणार? 2024 ला गडचिरोलीत मतदान दुपारी 3 लाच संपलं. सिरोंचा, एटापल्लीच्या केंद्रावर बसणाऱ्या पोराची भाकर, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी हा पहिला खर्च धरा. दुसरा खर्च मतदारयादीचा. कुणाचं नाव गळलं, हे दार ठोठावूनच कळतं.

तिसरा खर्च जमिनीचा. 2006 च्या वनहक्क कायद्यात जंगलातल्या बिगर-आदिवासी माणसाकडं, म्हणजे आपल्याही बापाकडं, तीन पिढ्यांचा, 75 वर्षांचा पुरावा मागतात. तो शोधायला तहसिलीत हेलपाटे घालावे लागतात, नकलांना पैसे लागतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं 2009 ला सामूहिक वनहक्क मिळवला, 2011 ला बांबू स्वतःच्या हातात घेतला. हे काम आधी, मत नंतर. 2017 ला भामरागडात ग्रामसभांनी उभा केलेला माणूस, लालसू नोगोटी, जिल्हा परिषदेवर निवडून आला. लोकसभेत लाख मतं पाण्यात जातात. जिल्हा परिषदेच्या गटात काही हजारांत निकाल लागतो. तिथं आपण हरणारच असं कुणी ठरवलं?

माझा ठराव असा. शंभरातले साठ रुपये एजंट आणि यादीवर, तीस वनहक्काच्या कागदांवर, दहा पत्रकांवर. आणि पै-पैचा हिशेब विहाराच्या भिंतीवर लावायचा. ज्या बाईनं निंदणाच्या मजुरीतून दहा रुपये दिले, तिनं विचारलं पाहिजे, माझ्या दहा रुपयांचं काय केलंत? तेव्हा उत्तर देता आलं पाहिजे.

ज्यांना विरोध करायचाय त्यांनी आत्ता उभं राहून करा. मागून कुजबुज नको.

जय भीम.