बगदाद पडल्यानंतर

9 एप्रिल 2003 रोजी बगदाद पडले, तेव्हा स्वारी सुरू होऊन पुरते तीन आठवडेही झाले नव्हते. लढाई अमेरिकेने जिंकली, यात वाद नाही. पण त्याच दिवसांत शहरात लुटालूट सुरू झाली. सरकारी कचेऱ्या, इस्पितळे, राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय, काहीच सुटले नाही. भिंतींतल्या तारासुद्धा ओढून नेल्या गेल्या. तेल मंत्रालयाला मात्र पहारा होता, आणि बगदादकरांनी तो नीट पाहून ठेवला. इशारा कुणी दिला नव्हता असेही नाही. अमेरिकेचे लष्करप्रमुख जनरल शिन्सेकी यांनी फेब्रुवारीतच सिनेटच्या समितीला सांगितले होते, की युद्धानंतर इराक सांभाळायला काही लाख सैनिक लागतील. संरक्षण खात्याने तो अंदाज जाहीरपणे झिडकारला. राजवट उलथणे आणि राज्यकारभार मोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इराकमध्ये पहिलीच्या ओघात दुसरीही घडली, आणि पुढचा बहुतेक रक्तपात तिथून सुरू झाला, असे माझे म्हणणे आहे.

मे महिन्यात पॉल ब्रेमर अमेरिकेचे प्रशासक म्हणून बगदादला आले. त्यांच्या 16 मेच्या पहिल्या आदेशाने सद्दाम हुसेन यांच्या सत्ताधारी बाथ पक्षाच्या वरच्या चार श्रेणींतले लोक सरकारी नोकरीतून काढले गेले. 23 मेच्या दुसऱ्या आदेशाने सैन्यच बरखास्त झाले. एका आठवड्यात लाखो कुटुंबांच्या पोटावर पाय आला. यात नुसते सद्दाम हुसेन यांचे हस्तक नव्हते. ज्या देशात पक्षाच्या सभासदत्वाशिवाय बढती मिळत नसे, तिथे शाळामास्तर, डॉक्टर, इंजिनिअर हेही सभासद होते. पाणी कुठून सोडायचे, कुठल्या भागाची वीज कशी फिरवायची, हे ठाऊक असलेली अनुभवी माणसे घरी बसली. सैनिकही घरी बसले, पण हत्यारे चालवायची विद्या त्यांच्याजवळ होती आणि हत्यारांची कोठारे बेवारस पडली होती.

यावर ब्रेमर यांचे उत्तर असे, की सैन्य आधीच पांगले होते, बराकी लुटल्या गेल्या होत्या, आदेशाने फक्त वस्तुस्थिती कागदावर आणली. पांगापांग झाली होती हे खरे. पण पांगलेल्या शिपायाला पगाराच्या तारखेला परत बोलावता येते. आता तुझी गरज नाही असे जाहीर केल्यावर तो कुणाकडे जाणार? निदर्शने झाल्यावर महिन्याभराने भत्ता देण्याचे ठरले, तोवर गेलेली अब्रू भत्त्याने परत येणार नव्हती. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. शिया आणि कुर्द यांनी सद्दाम यांच्या राजवटीने मारलेल्या आपल्या माणसांच्या सामुदायिक कबरी उकरल्या होत्या. जुने अधिकारी पुन्हा खुर्चीत पाहणे त्यांनी का सोसावे? त्यांनी ते सोसावे असे मी म्हणणार नाही. पण शिक्षा माणसाच्या कृत्याला द्यायची असते, त्याच्या श्रेणीला नव्हे. श्रेणी पाहून सरसकट काढल्यामुळे सुन्नी समाजाला तो आपल्याविरुद्धचा निकाल वाटला, आणि जानेवारी 2005 च्या निवडणुकीकडे त्याने मोठ्या प्रमाणावर पाठ फिरवली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानचा दाखला नेहमी दिला जातो, पण तिथे अमेरिकेने सम्राटाला राहू दिले आणि जपानी मंत्रालयांमार्फतच कारभार केला. तो दाखला माझ्याच बाजूचा आहे.

फेब्रुवारी 2006 मध्ये समारातल्या शियांच्या अस्करी दर्ग्यात स्फोट झाला आणि पंथापंथांतली कत्तल भडकली. ती ओसरली ती 2007 च्या सुमारास. त्या वेळी जादा सैन्य आले हे खरे, पण अन्बारमधल्या सुन्नी टोळ्यांना आपापल्या भागाच्या रक्षणासाठी पगारावर घेतले गेले, हेही तितकेच खरे. चार वर्षांपूर्वी नाकारलेलीच गोष्ट वेगळ्या नावाने करावी लागली. नंतर नुरी अल्-मालिकी यांच्या सरकारने या माणसांना सैन्यात आणि पोलिसांत सामावून घेण्याचे आश्वासन पुरते पाळले नाही. जून 2014 मध्ये मोसुल ‘इस्लामिक स्टेट’च्या हाती गेले, आणि त्या संघटनेच्या लष्करी नेतृत्वात सद्दाम यांच्या जुन्या फौजेतले अधिकारी होते.

हा मुलूख आपल्या फौजांना अनोळखी नाही. पहिल्या महायुद्धात पुणे डिव्हिजन आणि मराठा पलटणी तिथे लढल्या. 1917 मध्ये बगदाद घेतल्यावर ब्रिटिश जनरल मॉड यांनी आपण जेते म्हणून नव्हे, मुक्तिदाते म्हणून आलो आहोत, अशी ग्वाही दिली. तीन वर्षांत मोठा उठाव झाला, आणि तो मोडायला भारतातून कुमक गेली. 2003 मध्ये अमेरिकेने भारताकडे पुन्हा सैन्य मागितले. ते दिले असते, तर दुसऱ्याने मोडलेल्या कारभाराच्या जागी आपले जवान उभे राहिले असते. 14 जुलै 2003 रोजी वाजपेयी सरकारने, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसल्यामुळे, ही मागणी नाकारली. तो निर्णय बरोबर होता.