पाणबुड्याचा साज

गेल्या महिन्यांत तारकर्लीला जाण्यापूर्वीं माझा नातू आपलें पाणबुड्याचें सामान दिवाणखान्यांत मांडून बसला होता. नळ्या अशा लोंबत होत्या कीं, मला वडाच्या पारंब्याच आठवल्या! "हें पाण्यांत कोठें अडकलें तर?" असें मीं विचारलें. त्याला उत्तर देतां येईना. तेव्हां आम्हीं दोघांनीं पुस्तकें धुंडाळलीं.

१९४३ सालीं फ्रान्समध्यें कूस्तो व गान्यां यांनीं श्वासागणिक हवा देणारी झडप सिद्ध केली आणि मनुष्य पाण्यांत मोकळा झाला. पण सामान कसें बांधावें, याचा खरा धडा दिला फ्लोरिडांतील जलमय गुहांनीं. तेथें डोक्यावर खडक. एकदम वर येण्याची सोय नाहीं. त्या गुहांतील अपघात अभ्यासून शेक एक्स्ले यांनीं १९७९ सालीं एक पुस्तिका लिहिली. हे गृहस्थ पेशानें गणिताचे शिक्षक, म्हणून मला अधिकच जवळचे वाटले! हवेचा एक तृतीयांश जातांना वापरावा, एक परततांना, आणि एक राखून ठेवावा, हा त्यांचा आग्रह. तो राखीव भाग सोबत्याचा. ऐन टोंकाला त्याची हवा गेली, तर दोघांना त्यावर बाहेर पडतां येतें.

परंतु ती हवा त्याला पोंचवावयाची कशी? अरुंद वाटेनें एकामागें एक जावें लागतें, म्हणून तोंडांतील नळी ७ फूट लांब ठेवतात. दुसरी आंखूड, हनुवटीखालीं रबरी गोफांत. सोबत्याला तोंडांतलीच नळी द्यावयाची! मला हें प्रथम उलटें वाटलें. पण घाबरलेला मनुष्य समोर दिसेल तेंच ओढतो, आणि ती नळी चालू आहे याविषयीं शंकाच नसते. बाजूला लोंबणारी जादा नळी वाळूंतून फरफटलेली असावयाची. उघड्या समुद्रांत एवढी लांबी लागत नाहीं. तत्त्व मात्र तेंच.

शिवाय वेग दुप्पट झाला कीं पाण्याचा विरोध चौपट होतो, आणि ३० मीटरांवर प्रत्येक श्वासाला चौपट हवा खर्ची पडते. म्हणून दाबमापक डाव्या कमरेच्या कडीला, दिवे खांद्याच्या पट्ट्यांना घट्ट, आणि बिनकामाचें तें किनाऱ्यावर.

त्या रात्रीं मीं नातवाला डोळे मिटून प्रत्येक वस्तु हातानें शोधावयास लावली. दाबमापक सांपडला, आंखूड नळी सांपडली. सुरी मात्र तिसऱ्या खेपेस. ती पोटरीवर होती. आम्हीं कमरपट्ट्यावर आणली.