थोड्या पैशांत खेळाचा संगणक

मुलगा हट्ट धरतो, "बाबा, गेम चालेल असा संगणक घ्या." दुकानात काचेची पेटी आणि आत रंगीबेरंगी दिवे दिसतात. मन भुलते. पण बैल घेताना आपण शिंगांना लावलेला रंग पाहतो काय? दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. येथेही तेच करायचे.

संगणक म्हणजे बैलजोडी. प्रोसेसर हिशेब करतो, ग्राफिक्स कार्ड चित्र काढते. एक बैल दांडगा आणि दुसरा मरतुकडा असला, तर गाडी मरतुकड्याच्याच चालीने जाणार. म्हणून सारा पैसा एकाच वस्तूत ओतू नका.

पैसे फारच थोडे असतील तर टप्प्याटप्प्याने घ्या. २०२१ साली आलेल्या रायझन ५६००जी या प्रोसेसरातच चित्राची सोय आहे. व्हॅलोरंटसारखा हलका खेळ त्यावर वेगळ्या कार्डाशिवाय चालतो. मदरबोर्ड मात्र एएम४ जातीचा आणि रॅम डीडीआर४ हवी, डीडीआर५ त्यात बसतच नाही. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्या. दोन नळांनी हौद लवकर भरतो, तसेच हे. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्या. पुढच्या सुगीला पैसे आले की ग्राफिक्स कार्ड बसवा.

इंटेलचा प्रोसेसर घेणार असाल, तर नावाच्या शेवटी एफ अक्षर आहे का, ते पाहा. असल्यास त्यात चित्राची सोय नाही. वेगळे कार्ड नसेल तर पडदा काळाच राहील!

आता खरी मेख सांगतो. पेटीसोबत स्वस्तात मिळणाऱ्या एसएमपीएसवर विसंबू नका. सगळ्या भागांना वीज तोच पुरवतो. तो बिघडला तर कधी कधी सोबत मदरबोर्ड आणि कार्डही घेऊन जातो. आपल्याकडे विजेचा दाब वरखाली होतो, हे का सांगायला हवे? म्हणून चांगल्या कंपनीचा, हमी असलेला, ४५० ते ५५० वॅटचा एसएमपीएस घ्या. नंतर आरएक्स ६६०० सारखे सुमारे १३२ वॅट खाणारे कार्ड बसवले, तरी तो पुरेल. घरात अर्थिंग नीट आहे ना, तेही तपासून घ्या.

जुने कार्ड स्वस्त पडते. पण सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनासाठी कार्डे राबवणे बंद झाले आणि अशी राबलेली कार्डे बाजारात आली. तेव्हा अर्धा तास खेळ चालवून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका. बिल मागा, हमी किती उरली ते विचारा.

शिक्षक मित्रांनो, मुलांना यादी करायला लावा. कोणता भाग, किती पैसे, तोच का? संगणक यायच्या आधीच मुलगा चार गोष्टी शिकेल. आणि बापाच्या घामाचा पैसा दिव्यांच्या झगमगाटात जाणार नाही.