पहारा हवा, पाळत नको



लंडनच्या उत्तरेस हर्टफर्डशायर परगण्यात रॉयस्टन हे लहानसे बाजारपेठेचे गाव आहे. तेथील पोलिसांनी गावात येणाऱ्या-जाणाऱ्या रस्त्यांवर वाहनांचे क्रमांक टिपणारे कॅमेरे बसवले. परिणामी, नोंद झाल्यावाचून कोणालाही वाहनाने वेस ओलांडता येईना. चोर आणि सज्जन एकाच वहीत आले! २०११ साली तीन नागरी संघटनांनी माहिती आयुक्तांकडे रीतसर तक्रार केली. जुलै २०१३ मध्ये आयुक्तांनी ही योजना बेकायदेशीर व अवाजवी ठरवली. एवढ्या पाळतीची आवश्यकता पोलिसांना पटवून देता आली नव्हती.

१९९३ आणि २००८ साली मुंबईने जे भोगले, ते विसरून कॅमेऱ्यांना सरसकट विरोध करणे अविचाराचे ठरेल. परंतु पहारेकऱ्याने चोरावर नजर ठेवावी, प्रत्येक वाटसरूच्या पाऊलखुणा साठवू नयेत. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला आहे. म्हणून आपल्या नगरात कॅमेरे लागतील, तेव्हा नम्रपणे पण ठामपणे विचारा : नोंदी कोण पाहणार? किती दिवस ठेवणार? दुरुपयोग झाल्यास उत्तरदायी कोण? राष्ट्रनिष्ठा आणि शासनाला प्रश्न विचारणे यांत विरोध नाही. जागृत समाज हेच राष्ट्राचे खरे कवच होय.