साथीला कोण?



माजिवड्याला आमच्याच इमारतीत एक गृहस्थ राहतात. परवा जिन्यात भेटले आणि जरा काळजीच्या सुरात म्हणाले, "अहो, आमचे चिरंजीव म्हणतात, मी पेटीची साथ करणार. गाणार नाही, सोलो वाजवणार नाही, साथच! आता तुम्हीच सांगा, यावर पोट भरतं का?" मी म्हटलं, "याचं उत्तर जिन्यात उभ्याउभ्या देण्यासारखं नाही." आजचं हे भाषण म्हणजे त्यांना द्यायचं राहिलेलं उत्तर आहे.

आधी साथ म्हणजे काय ते पाहू. पुष्कळांना वाटतं, गवई गातो तेच पेटीवर वाजवलं की झाली साथ. तसं असतं तर ते काम सोपंच झालं असतं. गवई पुढच्या क्षणी काय गाणार हे त्याचं त्यालाही पुरतं ठाऊक नसतं. पेटीवाल्याने त्याच्या मागे सावलीसारखं, पण पाऊलभर अंतर ठेवून चालायचं. सावली पुढे पडली तर गवयाचा विचार मोडतो, फार मागे राहिली तर मैफलीची वीण उसवते. गवई दम घ्यायला थांबला की त्याचीच शेवटची सुरावट हळुवार फिरवून ती जागा भरायची. त्याने रागातला जो सूर अजून उघडलेला नाही, त्याला आपण आधी हात लावायचा नाही. आणि पेटीला मींड नाही, हे विसरायचं नाही. दरबारी कानड्यातला तो झुलणारा गंधार पेटीच्या पट्टीवर सापडत नाही. तिथे जाणता साथीदार काय करतो? बोट आवरतं घेतो. कुठे वाजवायचं नाही हे कळणं, ही साथीची निम्मी विद्या आहे.

भजनी मंडळात किंवा शाळेच्या समूहगीतात आणखी वेगळी तऱ्हा. तिथे गळे तीस-चाळीस, पण पट्टी एकच हवी. काळी एक धरावी की काळी चार, हे ठरवताना सर्वांत चांगल्या आवाजाकडे पाहून चालत नाही. सर्वांत बुजऱ्या मुलीचा गळा वरच्या ओळीला पोहोचतो की नाही, ते पाहावं लागतं. हे काम पेटीवालाच करतो, आणि टाळ्या पडतात तेव्हा तो भाता बंद करत असतो.

आपल्याकडे या विद्येची परंपरा मोठी आहे. भास्करबुवा बखल्यांना साथ करणारे गोविंदराव टेंबे पुढे 'मानापमान' नाटकाचे संगीतकार झाले. ते साल १९११. बालगंधर्वांच्या गाण्यामागे हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन, थिरकवाँसाहेबांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी होती, हे जुने रसिक आजही आवर्जून सांगतात. छोटा गंधर्व, कुमार गंधर्व, राम मराठे यांच्यासारख्या तीन वेगळ्या प्रकृतीच्या गायकांना गोविंदराव पटवर्धनांनी साथ केली. राममराठे तर आपल्या ठाण्याचे; महापालिका त्यांच्या स्मरणार्थ संगीतमहोत्सव भरवते. गोव्यातल्या बोरीचे तुळशीदास बोरकर साथीदार म्हणून नावारूपाला आले, आणि २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पण वाट सरळ नव्हती. ज्या आकाशवाणीवरून मी हे बोलतो आहे, तिथेच १९४० च्या मार्चपासून पेटीला बंदी होती. आक्षेप असा, की हे परदेशी वाद्य. याचे सूर ठोकून बसवलेले, त्यात श्रुती नाहीत, मींड नाही. आक्षेप अगदी खोटा होता असं मी म्हणणार नाही. पण त्याचा अर्थ असा झाला, की नभोवाणीचं दार पेटीवाल्याला बंद. १९७१ साली बंदी सैल झाली. वरच्या श्रेणीच्या कलावंतांना साथीला पेटी घेण्याची मुभा मिळाली. मधली एकतीस वर्षं पेटी जगवली ती नाटकांनी, कीर्तनांनी, भजनांनी आणि खासगी मैफलींनी. पुढे गोविंदरावांचेच शिष्य, ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी तयार केली. जुन्या आक्षेपाला दिलेलं हे उत्तर भांडणातून नाही, कामातून आलेलं आहे.

आता पोटाचा प्रश्न. खरं सांगायचं तर नुसत्या मैफलींवर संसार चालवणारे साथीदार थोडे. बाकीच्यांचा उदरनिर्वाह शिकवण्या, नाटकं, भावगीतांचे कार्यक्रम, ध्वनिमुद्रणं असा चार ठिकाणांहून गोळा होतो. पुष्कळांनी नोकरी सांभाळून साथ केली. बिदागीची घासाघीस पेटीवाल्याशी अधिक होते आणि पत्रिकेत त्याचं नाव कधी बारीक छापतात, कधी छापतच नाहीत. एका कार्यक्रमाच्या पत्रिकेत मी मंडपवाल्याचं नाव वाचलं. साथीदारांचं मात्र कुठे दिसलं नाही.

हे दुखणं फक्त आपलंच नव्हे. विलायतेत गायकांना पियानोची साथ करणारे जेराल्ड मूर नावाचे वादक होऊन गेले. साथीदाराला लोक दुय्यम मानीत, त्या काळात त्यांनी साथ हीच आपली कला मानली. १९६२ साली त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थ असा : 'माझा आवाज फार मोठा तर होत नाही ना?' साथीदाराचा जन्मभराचा प्रश्न तो हाच! १९६७ साली लंडनला त्यांच्या निरोपाची मैफल झाली. तीन थोर गायक त्यांच्यासाठी गायले, आणि शेवटी ते एकटेच पियानोवर बसले. वाजवलं काय? शूबर्टचं एक गाणंच, संगीताचे आभार मानणारं. निरोप घेतानाही त्यांनी गाण्याची संगत सोडली नाही.

तर माझ्या शेजाऱ्यांना माझं सांगणं असं : मुलाला अडवू नका, पण फसवूही नका. त्याला आधी गाणं शिकू द्या, कारण ज्याला गाता येत नाही त्याला साथ जमत नाही. शंभर बंदिशी आणि नाट्यपदं पाठ करू द्या. हाताशी दुसरं एखादं उत्पन्न असू द्या. मग पाच वर्षांनी कोणा गवयाचा घरी निरोप येतो का, ते पाहा. कारण कार्यक्रमाचं आमंत्रण आलं की चांगला गवई बिदागी विचारण्याआधी एकच गोष्ट विचारतो : "साथीला कोण?"

त्या प्रश्नाला मुलाचं नाव उत्तर म्हणून येऊ लागलं, की समजा त्याचं ठीक चाललं आहे. आणि आपण श्रोत्यांनी एवढंच करावं : पुढच्या वेळी गडकरी रंगायतनात किंवा गल्लीतल्या भजनाला जाल, तेव्हा गायकाइतकंच पेटीवाल्याचंही नाव विचारून घरी या.